तांबाला

भाऊजींनी बदलापूरला फ्लॅट बुक केला,
धाकटी जाऊ सोन्याच्या भिशीत आहे,
आणि मी बोरा बाजारातल्या एका जिन्याखालून
मलावीची तिकिटं घेते.
पोस्टाची.
घरी आता कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

हकिमुद्दीनशेठनी गणित समजावलं होतं,
चिमट्यात एक मासा धरून, ट्यूबलाइटकडे उचलून:
"बेन, श्रीमंत देशांची सगळे घेऊन बसलेत.
गरीब देश कधीतरी वर येतो.
आला की त्याची पोरं म्हणतात,
आमच्या लहानपणचं पोस्ट कुठं गेलं?
तेव्हा ते तुमच्या कपाटात पाहिजे."

तर माझं भांडवल असं:
बारा स्टॉकबुकं,
परळच्या लॅबमधून ढापलेल्या सिलिका जेलच्या पुड्या,
मागचा गोंद शाबूत, कडेचे दाते शाबूत,
मासे, फुलपाखरं, ऑर्किड,
कॅटलॉगात किंमत अशी
की छापणाऱ्यालाच संकोच वाटला असेल.

तेव्हापासून सवय लागली.
पेपर उघडला की आधी परदेशाचं पान.
तिकडे मका पिकला की मला बरं वाटतं,
क्वाचा घसरला की भाजीत मीठ जास्त पडतं.
नकाशात बोटभर देश, त्याला बिलगून लांबट तळं,
पाहिलं नाही, पाहणारही नाही;
पण तिथल्या पोरांचे पगार वाढावेत म्हणून
मी संकष्टीला, हसू नका,
एक मोदक जास्त ठेवते.
स्वार्थ असाही असतो,
दुसऱ्याचं भलं होईपर्यंत कळ काढणारा.

मग मार्चमध्ये, रक्त घ्यायच्या खिडकीपाशी
एक बाई. हाताची शीर सापडेना.
सोबत नवरा, कडक इस्त्रीचा कोट, चालणं मास्तरांचं.
फॉर्मवर गावाचं नाव;
ते मी शिक्क्यांवर वाचलेलं, गोल, निम्मं पुसट, कितीदा तरी.
"न्खोटाकोटा?" मी म्हटलं.

चिरवामास्तर चमकले. मग त्यांनी मान हलवली.
नाकातून सुरू करा, म्हणाले.
ङ्‌.
ङ्खोटाकोटा.

ङ!
पहिलीत पाटीवर गिरवला होता.
बाई म्हणाल्या होत्या, याचा शब्द नसतो, पुढे चला.
एक वाङ्मय सोडलं तर
पन्नास वर्षं वर्णमालेत तसाच पडून,
ना डाग, ना शिक्का.
आज पहिल्यांदा पाकिटावर चिकटला.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून एक स्टॉकबुक नेलं.
मास्तरांनी आकड्यांखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं, अगदी न टेकवता.
तांबाला म्हणजे कोंबडा.
क्वाचा म्हणजे उजाडलं.
शंभर कोंबडे आरवले की एक पहाट,
असा आमचा हिशोब.
मी आमची म्हण सांगायला गेले,
कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही;
इंग्रजीत ती लंगडत गेली,
पण बाई हसल्या, सुई हातात असतानाच,
आणि नेमकी तेव्हाच शीर सापडली.

माशांच्या पानावर मास्तर थांबले.
हा चांबो. लहानपणी रोज खायचो.
आता तळ्यात फारसा उरला नाही.
"याचे किती?"
मी बोरा बाजारचा भाव सांगितला. चार रुपये.
ते एवढे मोठ्यानं हसले की वॉर्डबॉयनं वळून पाहिलं.
"आमच्याकडे याचं डोकंसुद्धा याहून महाग!"

मी चिमट्यानं तो चांबो काढून पुढे केला.
त्यांनी हात मागे घेतला.
"ठेवा," म्हणाले, "भाव येऊ द्या."

रिपोर्ट सहानंतर मिळतील, मी सांगितलं.
वाजले होते साडेदहा.
ते दोघं बाकावर जाऊन बसले.